वनभेंडी : पदराला लागलेले रान

वाचकहो, कार्तिक सरता सरता आपल्याकडे कापसाच्या वेचणीला वेग येतो. संध्याकाळी रानातून परतलेल्या माणसाकडे नीट पाहिले, तर त्याच्याबरोबर थोडे रानही घरी आलेले दिसते. धोतराच्या सोग्यात कुसळे रुतलेली असतात, पदराच्या काठाला आघाड्याचे बी लागलेले असते, आणि मधूनमधून वाटाण्याएवढी, तपकिरी, खरखरीत बोंडे घट्ट धरून बसलेली असतात. झटकली तर ती जात नाहीत, ओढली तर सूत घेऊन येतात. यांपैकी बरीचशी बोंडे ज्या झुडपाची असतात, त्या वनभेंडीची ओळख आज करून घ्यावयाची आहे. ओळख झुडपाची असली, तरी विषय आपल्या घरातील वडीलधाऱ्यांच्या पावलांचा आहे. तो कसा, हे सांगण्यासाठी आधी घरातलीच एक गोष्ट सांगतो.

माझी आत्या जिंतूर तालुक्यातील एका लहान गावी राहते. वय अठ्ठ्याहत्तर. मधुमेहाला पंधरा वर्षे झाली. रोज संध्याकाळी शेतापर्यंत जायचे, बांधावर घटकाभर बसायचे आणि दिवेलागणीला परतायचे, हा तिचा नेम. गेल्या मार्गशीर्षात एके दिवशी सुनेला फरशीवर रक्ताचा पुसट डाग दिसला. शोध घेता घेता आत्याच्या चपलेच्या पट्ट्याखाली असेच एक बोंड सापडले. दोन दिवस ते करंगळीशेजारी घासत होते आणि तेथे जखम झाली होती. "सांगितलं का नाही?" असे विचारल्यावर ती म्हणाली, "दुखतच नव्हतं, तर सांगू काय?"

ती जखम भरून येण्यास जवळजवळ दोन महिने लागले. मुलांनी धास्ती घेतली आणि आत्याचे रानात जाणे बंद केले. जखम भरली, पण आत्या मिटत गेली. जेवण कमी झाले, बोलणे कमी झाले. मी भेटावयास गेलो तेव्हा ती म्हणाली, "रान अंगाला लागतं म्हणून मला घरात बसवलं. अरे, रान अंगाला लागतं म्हणजे मी अजून रानात जाते, एवढं तरी कळतं की!"

आत्याचे हे वाक्य मनातून गेले नाही. म्हाताऱ्या माणसाला जपावे कसे आणि जपता जपता त्याचे जगणे आवळून टाकू नये कसे, हा प्रश्न आपल्यापैकी अनेकांच्या घरात आहे. वनभेंडीच्या निमित्ताने त्याचा थोडा विचार करू.

झुडपाची ओळख

वनभेंडी हे कापूस, भेंडी, अंबाडी आणि जास्वंद यांच्याच कुळातील झुडूप. उंची साधारण कमरेपासून डोक्यापर्यंत. ओढ्याकाठची ओलसर जागा, झाडांची विरळ सावली, पडीक बांध आणि वाटांच्या कडा या तिच्या आवडीच्या जागा. कोकणात आणि सह्याद्रीच्या पावसाळी उतारांवर ती विपुल वाढते. जेथे ओल टिकते तेथे ती बारमाही हिरवी राहते. आपल्या कोरड्या हवेत मात्र पावसाबरोबर उठते आणि उन्हाळ्यात वाळून जाते.

पाने खालच्या बाजूस रुंद, भेंडीच्या पानासारखी थोडीशी खंडित असतात आणि हाताला मऊ लवदार लागतात. फुले लहान, पाच पाकळ्यांची, गुलाबी. जास्वंदीच्या फुलात मधोमध जसा दांडा असतो, तसाच यातही दिसतो. फुल गळल्यावर पाच फोडींचे चपटसर गोल फळ धरते. प्रत्येक फोडीवर बारीक काटे असतात आणि प्रत्येक काट्याचे टोक आकड्यासारखे वळलेले असते. या आकड्यांच्या बळावर फोडी गुरांच्या अंगाला, कुत्र्याच्या शेपटीला आणि आपल्या वस्त्राला लागून दूर जातात. स्वतः चालता न येणाऱ्या झाडाने आपली लेकरे दुसऱ्याच्या खांद्यावर बसवून दिली, असाच हा प्रकार.

या झुडपाचे शास्त्रीय नाव युरेना लोबाटा. लिनियसने ते १७५३ मध्ये नोंदविले. त्यातील 'युरेना' हा शब्द लॅटिन नव्हे. मलबारातील लोक या झुडपाला 'उरेन' म्हणत, त्यावरून तो आला. मलबारच्या वनस्पतींची युरोपला सविस्तर ओळख झाली ती 'हॉर्टस मलबारिकस' या बारा खंडांच्या ग्रंथामुळे. डच अधिकारी व्हान रीड याने तो सिद्ध करविला आणि १६७८ ते १६९३ या काळात तो ॲमस्टरडॅममध्ये छापला गेला. त्यासाठी झाडांची माहिती देणाऱ्यांत केरळचे वैद्य इट्टी अच्युतन होते, तसेच रंगभट, विनायक पंडित आणि अप्पूभट हे तीन कोकणी वैद्यही होते. त्यांचे नागरी लिपीतील कोकणी प्रमाणपत्र पहिल्याच खंडात छापलेले आहे. रानातील झाड ओळखणाऱ्या म्हाताऱ्या माणसाच्या स्मरणाला केवढे मोल असते, हे यावरून ध्यानी यावे.

सालीतला वाख

आपल्या वडीलधाऱ्यांना अंबाडीचा वाख सांगावा लागणार नाही. अंबाडी कापून पेंढ्या पाण्यात बुडवून ठेवायच्या, साल कुजून सैल झाली की सोलून धुवायची, वाळवायची आणि मग दावे, कासरा, चऱ्हाट, शिंके वळायचे. वनभेंडीच्या सालीतही असाच धागा असतो. पाण्यात काही दिवस भिजवल्यावर तो सुटतो आणि वाळल्यावर पांढुरका, चकचकीत दिसतो. तागाच्या जागी तो सहज चालतो. आफ्रिकेत काँगोच्या खोऱ्यात या झुडपाची मुद्दाम लागवड होत असे, म्हणून त्याला 'काँगो ज्यूट' हे नाव पडले. ब्राझीलमध्ये 'अरामिना' या नावाने त्याचा धागा कॉफीची पोती विणण्यास वापरला गेला. आपण ज्याला तण म्हणून उपटून टाकतो, ते दुसऱ्या मुलखात पीक होते.

आज दोर वळण्याची गरज उरलेली नाही. नायलॉनने ती संपविली. परंतु ज्या हातांनी आयुष्यभर दोर वळले, वाती वळल्या, शेवया केल्या, ते हात साठीनंतर एकदम रिकामे होतात, हे मात्र खरे. बोटांचे सांधे आखडू नयेत म्हणून डॉक्टर रबरी चेंडू दाबावयास सांगतात. तो जरूर दाबावा. पण चेंडू दाबण्याचा कंटाळा येतो, वातींचा येत नाही. आजोबांना सुतळी आणून द्यावी आणि नातवाला दावे वळून दाखवावयास सांगावे. बोटांना व्यायाम होईल आणि नातवापाशी बसण्यास निमित्तही मिळेल. सांधे सुजलेले, लाल वा गरम असतील तेव्हा मात्र हे काम थांबवावे.

औषध म्हणून किती भरवसा ठेवावा?

चरकसंहितेच्या चिकित्सास्थानात रसायनाच्या अध्यायात नागबलेचा उल्लेख आहे. ही नागबला नेमकी कोणती, यावर वैद्यांचे एकमत नाही. निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळ्या झुडपांना हे नाव मिळाले आणि काहींनी त्यांत वनभेंडीही धरली. तेव्हा कोणी "हीच ती नागबला" असे सांगून मूळ हाती दिले, तर जाणत्या वैद्याला दाखविल्यावाचून ते पोटात घेऊ नये.

लोकव्यवहारात वनभेंडीच्या मुळाचा लेप कंबरदुखीवर आणि संधिवातावर लावतात. भेंडीप्रमाणे हिच्या पानांतही बुळबुळीतपणा असतो. असा लेप त्वचेला तात्पुरता गारवा आणि आराम देऊ शकतो. तो लावणाऱ्याच्या हाताची ऊबही त्यात असते, आणि तिलाही कमी लेखू नये. परंतु झिजलेला गुडघा लेपाने पूर्ववत होत नाही. वय झाल्यावर त्वचा कागदासारखी पातळ होते, म्हणून कोणताही लेप कडकडीत गरम करून लावू नये, फार वेळ ठेवू नये आणि फुटलेल्या वा चिरलेल्या त्वचेवर मुळीच लावू नये. पायाची संवेदना कमी असलेल्यांनी पायावर गरम लेप टाळावाच. भाजल्याचे त्यांना कळत नाही.

पोटात घेण्याविषयी अधिक सावध राहावे. वनभेंडीच्या अर्कावर प्रयोगशाळेत आणि उंदरांवर प्रयोग झाले आहेत. त्यांपैकी काहींत रक्तातील साखर उतरलेली दिसली. यावरून "मधुमेहावर रामबाण" असा निष्कर्ष काढणे योग्य नाही. उंदराला जे लागू पडले ते माणसाला किती मात्रेत द्यावे, हे त्यातून ठरत नाही. आणि खरोखरच साखर उतरत असेल, तर धोका वाढतो. आधीच गोळ्या वा इन्सुलिन चालू असलेल्या वृद्धाने त्यावर काढा घेतला, तर साखर एकदम खाली जाऊ शकते. घाम सुटणे, हात थरथरणे, असंबद्ध बोलणे, गुंगी येणे ही त्याची लक्षणे. माणूस शुद्धीवर असेल आणि त्याला गिळता येत असेल, तर ताबडतोब साखरेचे पाणी द्यावे. शुद्ध हरपली असेल, तर तोंडात काहीही न घालता दवाखाना गाठावा. घरात कोणी काढा घेत असेल, तर डॉक्टरांपासून तो लपवू नये. डॉक्टर रागावतील या भीतीने लपविलेला काढा त्यांच्या रागाहून महाग पडतो.

नाव एक, झाडे तीन

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. काटेरी फळांच्या बाबतीत आपल्याकडे नावांचा मोठा गोंधळ आहे आणि तो जिवावर बेतू शकतो.

लघवीच्या तक्रारींवर गोखरू घ्यावे, हे पुष्कळांनी ऐकलेले असते. औषधातले लहान गोखरू म्हणजे सराटा. तो जमिनीलगत पसरतो, त्याला पिवळी फुले येतात आणि त्याचे टणक काटे थेट तळव्यात घुसतात. मोठे गोखरू म्हणून दुसरीच एक वनस्पती बाजारात मिळते. आणि आपल्या रानात, उकिरड्याजवळ, नदीच्या गाळात फोफावणाऱ्या, खारकेच्या बीसारखी लांबट बोंडे धरणाऱ्या ज्या तणालाही लोक गोखरू म्हणतात, ते तिसरे. त्याला शंकेश्वर किंवा लांडगा असेही म्हणतात. त्याच्या बोंडाला टोकाशी दोन चोची असतात, ही त्याची खूण.

हे तिसरे गोखरू विषारी आहे. त्याच्या बिया आणि नुकतीच उगवलेली कोवळी रोपे यांत यकृताला इजा करणारे आणि रक्तातील साखर झपाट्याने उतरविणारे द्रव्य असते. २००७ मध्ये बांगलादेशाच्या ईशान्य भागात अन्नटंचाईच्या दिवसांत लोकांनी याच तणाची कोवळी रोपे भाजी म्हणून खाल्ली. ७६ जण आजारी पडले आणि त्यांतील १९ जण दगावले. त्यांना भाजी ओळखता येत नव्हती असे नव्हे. भूक मोठी होती.

म्हणून एवढे पाळावे. रानातून आणलेले कोणतेही गोखरू स्वतःच्या ओळखीवर उकळू नये. औषध घ्यावयाचेच असेल, तर ते वैद्याच्या सल्ल्याने आणि खात्रीच्या दुकानातून घ्यावे. लघवीची धार बारीक होणे, रात्री वारंवार उठावे लागणे, लघवीतून रक्त जाणे यांची तपासणी आधी करावी, काढा मागाहून. आणि चुकून काही पोटात गेलेच, तर उलट्या, ग्लानी किंवा झटके येण्याची वाट न पाहता रुग्णालयात जावे आणि त्या झाडाची फांदी बरोबर न्यावी. डॉक्टरांना ओळख पटविण्यास ती उपयोगी पडते.

पावलांची देखरेख

पुन्हा आत्याच्या करंगळीकडे येऊ. दीर्घकाळ मधुमेह असलेल्या माणसाच्या पायातील मज्जातंतू हळूहळू बधिर होतात. काटा टोचला, चप्पल लागली, फरशी तापलेली असली, तरी मेंदूला वर्दी जात नाही. वेदना ही शरीराची राखणदार आहे. ती झोपली की घरातील दुसऱ्या कोणीतरी जागे राहावे लागते. त्यासाठी खर्च काही नाही, रोजची दहा मिनिटे पुरतात.

रानातून आल्यावर चपला-बूट बाहेरच उलटे करून आपटावेत आणि आतून हात फिरवून पाहावा. घालण्यापूर्वीही तसेच करावे. अनवाणी चालू नये, अंगणातसुद्धा नाही.

पाय कोमट पाण्याने धुवावेत. पाण्याचा अंदाज पायाने घेऊ नये, हाताच्या कोपराने घ्यावा. शक्यतो दुसऱ्याने घ्यावा. धुतल्यावर बोटांच्या बेचक्या कोरड्या कराव्यात. टाचांना खोबरेल तेल लावावे, बेचक्यांत लावू नये.

मग उजेडात दोन्ही तळवे पाहावेत. वाकता येत नसेल, तर जमिनीवर आरसा ठेवावा. नजर अधू असेल, तर घरातील कोणी पाहावे. लाली, फोड, चीर, सूज, दुर्गंधी किंवा काळसर डाग यांपैकी काहीही दिसले, तर "उद्या बघू" म्हणू नये.

लहान जखम साबणाने आणि स्वच्छ पाण्याने धुवावी, कोरडी करून स्वच्छ कापडाने झाकावी आणि मधुमेही माणसाने ती त्याच वा दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना दाखवावी. राख, चुना, तंबाखू, पाल्याचा रस यांपैकी काहीही जखमेत भरू नये. भोवरी किंवा घट्टा घरी पात्याने कापू नये. धनुर्वाताच्या लसीची चौकशी करावी. वर्षातून एकदा तरी डॉक्टरांकडून पायांची संवेदना तपासून घ्यावी. एका बारीक नायलॉनच्या धाग्याने ती काही मिनिटांत तपासता येते.

कपड्याला लागलेली बोंडे दाताने ओढू नयेत. कपडा वाळू द्यावा आणि जाड दातांच्या फणीने ती विंचरून काढावीत. केसांत अडकली, तर तेल लावून टोकाकडून सोडवीत यावे. काटा डोळ्यात गेला, तर डोळा चोळू नये आणि घरी काढण्याचा प्रयत्नही करू नये.

आकड्यांचा उपकारही

या आकड्यांवर नुसता राग धरणे मात्र बरे नव्हे. १९४१ मध्ये स्वित्झर्लंडमधील जॉर्ज द मेस्त्राल हा अभियंता आपल्या कुत्र्यासह फिरून आला, तेव्हा दोघांच्या अंगाला अशीच बोंडे लागली होती. झाड निराळे, पण आकड्यांची तऱ्हा हीच. त्याने ती सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली आणि पुष्कळ वर्षे खटपट करून एका बाजूला आकडे व दुसऱ्या बाजूला मऊ फासे असलेली चिकटपट्टी तयार केली. १९५५ मध्ये त्याला तिचे पेटंट मिळाले. तीच आजची वेल्क्रो. बोटे वाकडी झालेल्यांना बुटाची नाडी बांधता येत नाही, चपलेचे बक्कल लावता येत नाही. त्यांना ही पट्टी आपल्या हाताने पादत्राण घालण्याची मोकळीक देते.

आत्यासाठी आम्ही तशीच मऊ, बोटे झाकणारी, पट्टीची चप्पल आणली. मुलांची समजूत घालणे थोडे कठीण गेले, पण अखेर असा तह झाला : आत्याने रानात जावे, मात्र चप्पल काढू नये, बरोबर कोणी असावे, आणि आल्यावर पाय दाखवावेत. पाय पाहण्याचे काम दहा वर्षांच्या नातवाने मागून घेतले. तो रोज दिव्याखाली आजीचे तळवे पाहतो, पदराची बोंडे एक एक काढून वाटीत टाकतो आणि मोजतो. आत्या त्याला प्रत्येकाचे नाव सांगते : हे वनभेंडीचे, हा आघाडा, हा सराटा, आणि हा लांडगा, याला तोंड लावायचे नाही बरे.

वाचकहो, आपल्या घरीही हा नेम आज संध्याकाळपासूनच सुरू करता येईल. वडीलधाऱ्यांना रानात जाऊ द्या. परत आले की त्यांच्या पायांशी बसा. पदराची बोंडे काढता काढता तळवेही पाहून होतील, आणि ज्या झाडांची नावे आता त्यांनाच ठाऊक आहेत, ती आपल्याही कानी पडतील.